रविवारचे रुग्णालय

नोंदणीच्या खिडकीपुढे माझा क्रमांक तिसरा होता. आत कारकून बाई आणि संगणक सांभाळणारे गृहस्थ बोलत होते. रांगेतल्या माणसाने अशा वेळी कान मिटून घ्यावेत, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

"दादा, बाकावरच्या आजोबांची नोंद माझ्याकडून पुसली गेली. कुठलं औषध त्यांना सोसत नाही, ते तिच्यातच होतं. तासाभरात ऑपरेशन आहे हो!"

"रविवारचा बॅकअप आहे की, ताई."

"मग तेवढी एक नोंद काढून द्या."

"एकटी निघत नाही. आणायची तर सगळं रुग्णालयच रविवारवर जातं."

"म्हणजे?"

"सोमवारपासून जन्मलेली अकरा बाळं नाहीशी होतील आणि वारलेले चौघे खाटांवर परत येतील."

"अगं बाई! खाटा कुठून आणू?"

"नोंदी सुट्या काढता याव्यात म्हणून तीन अर्ज दिले मी. साहेब म्हणाले, बॅकअप आहे ना? मग झालं तर."

"राहू द्या, त्यांनाच विचारते. आजोबा, कुठलं औषध सोसत नाही तुम्हाला?"

"नाव अवघड होतं, बाई. चिठ्ठी ठेवायचो खिशात."

"द्या, द्या लवकर!"

"गेल्या महिन्यात तुम्हीच फाडायला लावलीत ना. म्हणालात, आता कॉम्प्युटरात आहे, काळजी मिटली."