वळायचे सोडून सरळ गेलेल्या किल्लीवाल्यांबाबत

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, धंदा कपडे शिवणे आणि उसवलेले दुरुस्त करणे, राहणार किल्ल्यांच्या दुकानावरचा पहिला मजला, आज स्वतः ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की,

खालचे दुकान माझ्या पतींचे आहे. ते किल्ल्या बनवतात, म्हणून सगळे त्यांना किल्लीवाले म्हणतात. वय बावन्न. आज सकाळी ते सायकलच्या शर्यतीत सुटले आणि दुपार झाली तरी परत आलेले नाहीत. बाकीचे सगळे आले, बक्षिसे वाटून झाली, मांडवही उतरवला.

मागच्या वर्षी पतींच्या छातीत दुखले आणि हृदयाच्या नळीत जाळी बसवावी लागली. डॉक्टरांनी रोज थोडी सायकल चालवा असे सांगितले. हवेशी भांडा असे सांगितले नव्हते. पण दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने यांना टाइम ट्रायलचे खूळ लावून दिले. या प्रकारात सगळे एकत्र पळत नाहीत. एकेकाला वेगळे सोडतात आणि ज्याने त्याने घड्याळाशी झुंजायचे. ठरलेल्या जागेपर्यंत जायचे, वळायचे आणि परत यायचे. वळणे हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे, असे मला तरी वाटते.

मान वर केली की हवा अडते, असे पतींनी कुठेतरी वाचले होते. म्हणून मान खाली घालून फक्त पुढच्या चाकाकडे बघायची सवय त्यांनी स्वतःला लावली. जेवतानाही तसेच. गेला महिनाभर मी त्यांच्या टकलाशी संसार केला आहे.

अंगावरील कपड्यांचे वर्णन विचारल्यावरून सांगते की, निळ्या रंगाचा, अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख, शिवणारी मी. पोटापाशी दोनदा कापड वाढवले. त्याला खिसा नाही, कारण खिशात हवा शिरते. डोक्यावर मागे शेपटी असलेले, कान झाकणारे हेल्मेट. फोन, पाकीट, ओळखपत्र सगळे माझ्या पिशवीत आहे. ओळख पटवायला त्यांच्याजवळ फक्त पोट आहे.

वळायच्या जागी माझा धाकटा दीर झेंडा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, मी झेंडा हलवला, ओरडलो, रस्त्यात अक्षरशः नाचलो. दादाला वाटलं मी हुरूप देतोय. मला अंगठा दाखवला आणि आणखी जोरात गेला."

"मग गाडी काढून मागे का नाही गेलास?"

"मागचे येत होते ना. सगळे वळल्यावर गेलो, तर पुढे फाटा फुटलेला. दोन्हीकडे बघून आलो. दिसला नाही."

घरात वाद होऊन ते निघून गेले असतील काय, असे साहेबांनी विचारले. मी म्हटले, पळून जायला आधी रस्ता बघावा लागतो. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारले, म्हणून सांगते की, होय, वाद झाला होता.

पती काल रात्रीची हृदयाची गोळी न घेता झोपले. गोळीने पाय जड होतात, असे त्यांचे म्हणणे. सकाळी ती मला वाटीखाली सापडली. शर्यत सुरू होताना पाय पेडलमध्ये अडकवलेले असतात, त्यामुळे मागून कोणीतरी सीट धरून उभे राहावे लागते. त्यासाठी शर्यत भरवणाऱ्या मंडळाचा माणूस असतो. पण पतींना तो पाडेल अशी भीती, म्हणून "तूच धर" म्हणाले. माझ्या एका हातात सीट आणि दुसऱ्या हातात गोळी होती. मी घ्या म्हणत होते, ते आल्यावर घेतो म्हणत होते. घड्याळवाल्याने उलटे आकडे मोजायला सुरुवात केली. तेव्हा मी त्यांच्या पाठीमागून म्हणाले, "जा, कुठे जायचं तिकडे जा. परत नाही आलात तरी चालेल." आकडे संपले आणि मी हात सोडला.

मला फार भीती वाटते आहे. हेही लिहून घ्यावे.

इथपर्यंत लिहून होत असताना ठाण्यातला फोन वाजला. फोन एका पेट्रोल पंपावरून होता. डांबर संपून खडी लागली तेव्हा पतींनी मान वर केली म्हणे. तिथून सायकल ढकलत पंपापर्यंत आले. माझा नंबर त्यांना पाठ नाही. शटरवर रंगवलेला स्वतःच्या दुकानाचा पाठ आहे. तो त्यांनी तीनदा लावला आणि कोणी उचलत नाही म्हणून चिडले. शेवटी पंपावरच्या माणसाने पोलिसांना कळवले. साहेबांनी फोन माझ्याकडे दिला.

"अगं, माझा टाइम किती लागला?"

"छातीत दुखतंय का?"

"नाही गं. मांड्या गेल्यात फक्त. पण एकदाही थांबलो नाही, शप्पथ." मग म्हणाले, "सोडताना तू काहीतरी बोललीस. हेल्मेटमध्ये काही ऐकू आलं नाही. वाटभर तेच डोक्यात होतं. काय म्हणालीस?"

मी म्हणाले, "जपून जा, म्हटलं."

"मला तेच वाटलं," ते म्हणाले.

साहेबांनी लिहायचे थांबवून माझ्याकडे पाहिले. मी त्यांना सांगितले की, जबाबात खरे सांगावे लागते, ते सांगून झाले आहे. नवऱ्याशी फोनवर काय बोलायचे याला कलम नाही. दीर पतींना आणायला गेला आहे. गोळी त्याच्याजवळ दिली आहे.

हा माझा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. पती येथे पोहोचल्यावर तो पुन्हा मोठ्याने वाचू नये, एवढीच विनंती.