आटपाट नगर

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र उस्मानाबादेकडून वाटणीत आल्यासारखा जुनाच होता. टँकरच्या रांगेत पालथ्या हंड्यावर बसून अमृतराव पुढच्या दोघींचं बोलणं कान देऊन ऐकत होते.

"पंचफुला, उद्या पाचला पोरीला घेऊन वाचनालयात ये. बारक्या लेकरांना गोष्टी सांगायलेय मी."

"जगदेवीबाई, तीन वर्सांच्या पोरीला पुस्तकातलं काय कळतंय?"

"मांडीवर बसून ऐकंल की. मागल्या येळी एक बी लेकरू आलं न्हाई. सतरंजीवर मी एकलीच. उद्या बी कुणी आलं न्हाई तर वाचनालयाचे साहेब गोष्टी बंदच करतो म्हणलेत."

"टँकर बी पाचलाच येतो, बाई. हंडा सोडून कोण येईल?"

"मंग इथंच सांगते. ऐक गं चिमे. आटपाट नगर होतं."

"आटलं?" पंचफुलाच्या मांडीवरून चिमीनं विचारलं.

"आटलं न्हाई गं. आटपाट."

"आमची हीर आटली."

"जन्मली तवापासून तेच ऐकायली, बाई. तिला तेवढंच ठावं हाय."

"बरं. एक आटलेलं नगर होतं. तिथं एक हीर होती. हिरीत एक बेडूक होता. त्याला लई तहान लागली."

"मंग?"

मागची चार लेकरं सरकून पुढं आली. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. रांग उठली, अमृतरावही उठले. जगदेवीबाईंनी हंड्याला हात घातला.

"बसा बाई," पंचफुला म्हणाली. "आधी बेडकाला पाणी मिळू द्या."

अमृतरावांनी हंडा पुन्हा पालथा घातला.