थर बसेपर्यंत

नवी : आणि ही केळी? सालीवर ठिपके पडलेत. मी टाकूनच देणार होते.

आजी : टाकायची कसली! ठिपके पडल्याशिवाय केळ्याला चव येत नाही, बाई. माणसासारखंच असतं ते. फक्त आत्ता सोलू नकोस, काळी पडतील.

नवी : आजी, तुम्ही आत या ना. दारात उभं राहून किती वेळ सांगणार?

आजी : इथनं दिसतंय मला सगळं.

नवी : पाय दुखतील. निदान खुर्ची तरी आणते.

आजी : खुर्ची नको. चार वर्षं झाली, लेक गेल्यापासून या स्वयंपाकघरात मी पाऊल टाकलेलं नाही. आज उंबऱ्यापर्यंत आले तेही नातीसाठी. फोनवर म्हणाली, "उद्या सगळे जेवायला जमणार, मला आईचं पुडिंग हवंय, मावशीला येत नाही, तू ये." आले. मावशी म्हणते ना ती तुला? मग आता तू कर, मी सांगते.

नवी : बरं. भोपळा उकडून, चाळून ठेवलाय. दोनशे पन्नास ग्रॅम. साखर ऐंशी. दालचिनीची पूड दोन ग्रॅम, जायफळ अर्धा.

आजी : तोळ्यातोळ्याने मोजतेस की काय?

नवी : सवय आहे हो. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते.

आजी : हे काय खोकल्याचं औषध आहे? जायफळ किसणीवर दोनदा घास आणि नाकाला विचार. अंडी फोडलीस?

नवी : पिवळं वेगळं काढलंय. त्यात साखर आणि कॉर्नफ्लोअर घालून फेटते. फेटणी... थांबा हं. कुठे गेली... हां. डावीकडे.

आजी : खिळा डावीकडेच आहे अजून?

नवी : सगळं डावीकडेच आहे. चमच्यांचा खण, चाळणी, मिठाची बरणी. पहिल्या आठवड्यात वाटलं, कुणी असं उलटं का लावलं असेल? मग ह्यांनी सांगितलं, ती डावरी होती.

आजी : लहानपणी मी फार मारलं तिला त्यापायी. उजव्या हाताने जेव, उजव्या हाताने लिही. ऐकेल तर शपथ. पण तू हलवायचंस की! दोन वर्षं झाली तुला या घरात येऊन.

नवी : दोन वर्षं झाली तरी सगळे मला नवीच म्हणतात, आजी. नव्या माणसाने खिळे उपटायचे नसतात.

आजी : तसं कुणी म्हणालं तुला?

नवी : कुणी नाही. एकदा हातोडी घेऊन उभी राहिले होते. हातच उचलेना. आणि तो खण... जाऊ दे.

आजी : काय तो खण?

नवी : तुम्ही हसाल.

आजी : चार वर्षांत हसले नाहीये फारशी. बोल.

नवी : रोज सकाळी जाताना मी सगळं बंद करून जाते. दुपारी परत येते तेव्हा तो चमच्यांचा खण बोटभर उघडा असतो. घरात कुणी नसतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, लाकूड फुगत असेल.

आजी : फुगतं. लाकूड फुगतं.

नवी : हो.

आजी : दूध तापलं असेल बघ.

नवी : तापलं. आता ह्यात ओतू?

आजी : धार धरून. बारीक. एका हाताने ओत, दुसऱ्या हाताने फेटत राहा. घाई केलीस तर अंडं शिजतं. असं. आता परत आचेवर चढव, मंद. आणि हात थांबवू नकोस. कोण आलं, कोण गेलं, दार वाजलं, फोन वाजला, हात थांबता कामा नये.

नवी : किती मिनिटं?

आजी : घड्याळाकडे नको बघूस. चमच्याच्या पाठीवर चिकटायला लागलं की झालं.

नवी : चिमणी किती खूश आहे सकाळपासून! म्हणते, आई दर वर्षी पानं गळायला लागली की करायची. खाली बिस्किटं, मग केळी, मग पिवळा थर, मग भोपळ्याचा थर, वर सायीचा ढग. पाचही थर बोटांवर मोजून दाखवले मला.

आजी : तिच्या आईने कधीच केलं नाही ते.

नवी : म्हणजे?

आजी : मी करायची. माझ्या घरी. या सुट्टीला सगळे माझ्याकडे जमायचे. पोर पाच वर्षांची होती, तिच्या डोक्यात गल्लत झालीय. आई वाढायची, म्हणून आईचं. मी काही बोलले नाही. आईचं तर आईचं.

नवी : मग त्यांनी एकदाही...

आजी : एकदाच करायला घेतलं होतं. इथे.

नवी : आजी, हे बघा जरा. खाली लागतंय का? नाही... अगं बाई. गुठळ्या झाल्या. बोलण्याच्या नादात माझा हात थांबला वाटतं. किती झाल्यात! आता काय करू? फेकून देऊ? आजी? आजी, काय झालं? ही खुर्ची ओढली, बसा, बसा इथे.

आजी : गॅस बारीक कर.

नवी : केला. पाणी देऊ?

आजी : नको. तू अगदी तेच म्हणालीस. तसंच.

नवी : काय म्हणाले मी?

आजी : "गुठळ्या झाल्या. आता काय करू? फेकून देऊ?" तिने फोन केला होता मला. त्या वर्षी तिने सांगितलं, आई, तू थकलीस, या वेळी सगळे माझ्याकडे जेवतील. आणि माझं डोकं फिरलं. मी थकले? माझं घर मोडकळीला आलं? आठ दिवस धुसफुसत होते मी. आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन. "आई, कस्टर्डच्या गुठळ्या झाल्या गं. आता काय करू? फेकून देऊ?"

नवी : मग?

आजी : मी म्हटलं, "हौस आली होती ना? मग तुझं तू बघ." आणि फोन ठेवला.

नवी : आजी...

आजी : तिने ओतून दिलं सगळं. परत दूध-अंडी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. येताना त्या वळणावर गाडीने... पुढचं तुला माहीत आहे. पोलिसांनी पिशवी आणून दिली. सहा अंडी होती. फुटलं होतं एकच.

नवी : हे कुणाला माहीत आहे?

आजी : कुणाला नाही. जावयाला ठाऊक आहे की तिचा माझ्याशी शेवटचा फोन झाला. त्याला वाटतं, प्रेमाचं काहीतरी बोललो असू. लोकांना सांगतो तसं. मी मान डोलावते. चार वर्षं मान डोलावतेय, बाई.

नवी : मी काय बोलू?

आजी : बोलू नकोस. चूक तुमची नव्हती, असं तर मुळीच म्हणू नकोस.

नवी : नाही म्हणत. मी तिथे नव्हते. पण मला हे सांगा, आत्ता हे दूध करपेल. या गुठळ्यांचं काय करायचं असतं?

आजी : गाळून घे.

नवी : एवढंच?

आजी : एवढंच. दोन शब्द आहेत. चाळणी घे, गाळून घे, लोण्यासारखं होतं. दोन शब्द जड झाले मला.

नवी : चाळणी तुमच्या पाठीमागे आहे. डावीकडे. माझा एक हात अडकलाय. द्याल?

आजी : ही घे.

नवी : धरा तुम्ही, मी ओतते. वर धरा जरा... बघा, उतरतंय. काय मऊ दिसतंय! आजी, रडा तुम्ही, हरकत नाही. फक्त चाळणी हलवू नका.

आजी : अगं, खारट होईल.

नवी : आत्ता हसलात तुम्ही.

आजी : हसले का? असेल. बघ, आलेच की मी आत. कधी आले?

नवी : मी खुर्ची ओढली तेव्हा. आजी, एक विचारू? दोन वर्षांत तुम्ही माझ्या तोंडाकडे नीट बघितलं नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला मी नकोशी आहे.

आजी : तू जिथे उभी राहतेस ना, तिथे ती उभी असायची. तुझ्याकडे बघितलं की आधी ती दिसते, मग तू. त्या मधल्या वेळाची भीती वाटते मला. तुझा काही दोष नाही त्यात.

नवी : मलाही दिसते ती. कधी पाहिलं नाही तिला, तरी.

आजी : अर्धं या भांड्यात काढ. त्यात भोपळा, दालचिनी, जायफळ. उरलेलं तसंच पिवळं राहू दे. आता सोल केळी. काप जाडसर, नखाएवढे पातळ नकोत. वर लिंबू पीळ.

नवी : बिस्किटं उभी लावू की आडवी?

आजी : खाली आडवी, कडेने उभी. काचेतून दिसली पाहिजेत. चेपू नकोस, उद्यापर्यंत आपोआप भिजतात.

नवी : बाहेर पानांचा केवढा ढीग झालाय, बघा. बापलेक सकाळपासून लागलेत. ही आलीच बघा धावत.

चिमणी : झालं? मावशी, झालं? आजी! तू स्वयंपाकघरात?

आजी : का? मला काय बंदी आहे?

चिमणी : तू कधीच येत नाहीस. बाबा म्हणतात, आजीला इथे बोलवायचं नाही. तुझे डोळे लाल का आहेत?

आजी : जायफळ उडालं डोळ्यात.

चिमणी : मी थर लावू? एक तरी?

नवी : केळ्यांचा तू लाव. एकमेकांना चिकटून. मधे फट नको.

चिमणी : आई असंच लावायची ना?

आजी : चिमणे, हे पुडिंग आजीचं आहे. तुझ्या आईला ते शिकायचं होतं. मी शिकवलं नाही तिला. वेळेवर शिकवलं नाही.

चिमणी : का?

आजी : रागावले होते. मोठी झालीस की सगळं सांगेन. लपवणार नाही. मावशी साक्षीला आहे.

चिमणी : मग आईचं काय होतं? मला काहीच नीट आठवत नाही, आजी. चेहरा आठवतो, पण तो फोटोतला. आवाज तर आठवतच नाही. मी रात्री प्रयत्न करते, तर मावशीचाच आवाज येतो.

नवी : अगं...

चिमणी : तुला येतो का गं ऐकू? आईचा?

आजी : रोज.

चिमणी : कसा होता?

आजी : माझ्यासारखाच. फोनवर लोक फसायचे. मी उचलला तर तिच्या मैत्रिणी मलाच गप्पा सांगायला लागायच्या.

चिमणी : मला हाक कशी मारायची?

आजी : तू अंगणात असायचीस. माझ्याशी फोनवर बोलता बोलता मधेच खिडकीतून ओरडायची. माझे कान बसायचे.

चिमणी : तशी मार ना.

आजी : आता कुठे... काहीतरीच काय.

चिमणी : एकदाच. मी बाहेर जाते. लांब, झाडापाशी. तिथूनच ऐकायची ना मी?

नवी : आजी, बाहेर हे आहेत. त्यांनाही ऐकू जाईल.

आजी : जाऊ दे. त्यालाही सांगायचंच आहे मला, आज ना उद्या. जा गं तू, झाडापाशी जा.

नवी : मी बैठकीत जाऊन थांबू का?

आजी : कुठे जाऊ नकोस. इथेच उभी राहा, माझ्याजवळ. मला एकटीला जमायचं नाही. खिडकी उघड.

नवी : उघडली. पोहोचली ती झाडापाशी. इकडेच बघतेय.

आजी : चिमणेऽऽ! ये गं, गार होतंय!

नवी : आजी, ह्यांच्या हातातला खराटा पडला.

चिमणी : (लांबून) आलेऽ!