मुडद्यानं उघडलेला डोळा

एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू आणि दुसऱ्यावर शस्त्रक्रियेची पट्टी, अशा वृद्ध वडिलांना घेऊन एक मुलगी नेत्ररुग्णालयात माझ्या शेजारी बसली होती.

"बाबा, पट्टी सोमवारी निघाली तर काय बिघडतं?"

"रविवारी आमचा सिनेमा लागतोय. चाळीस वर्षांनी!"

"तो चोरांचा विनोदी सिनेमा? त्यात तुम्ही तर मुडदा. तोही मध्येच डोळा उघडणारा!"

"पुन्हा चित्रीकरण करायला फिल्मच उरली नव्हती. निर्मात्याच्या खिशात खडखडाट. लोक मात्र पोट धरून हसले."

"आई गेली, आता तरी सांगा. उघडलात कशाला?"

"सिनेमात ती माझी विधवा होऊन रडत होती. म्हटलं, मी गेल्यावर कशी दिसेल ते बघून घ्यावं."

"दिसली?"

"कुठली! दिव्यानं डोळा दिपला."

"...नर्सताई, पट्टी आजच काढता येईल का हो? रविवारी यांना आमच्या आईला बघायचंय."