नोटेवर जिवंत माणूस

(पोतोसी या खाणींच्या शहरातली जुनी टांकसाळ. आता तिथे पैशांचं संग्रहालय आहे. शाळांना हिवाळ्याची सुट्टी, म्हणून अंगणात सहकुटुंब खेळ मांडलेत : एका बाजूला हातोड्याने नाणं पाडायचं, दुसऱ्या बाजूला आपली आपण नोट रंगवायची. खाणकामगार हिलारियो बाकावर बसून आहे. बायको कासिल्दा समोर उभी. त्यांची लेक नोएमी पलीकडे नोटांच्या टेबलाशी.)

कासिल्दा : मग उठतोस की नाही? दोनदा नाव पुकारलं. घरातल्या कर्त्याने हातोडा मारायचा म्हणे.

हिलारियो : मार की तूच. कर्ती तूच आहेस.

कासिल्दा : मारला मी. तो ला पास शहरातला पाहुणा, हात लोण्यासारखे मऊ, त्यानेसुद्धा मारला. आणि जन्मभर डोंगर फोडणारा माझा नवरा बाकावर म्हातारीसारखा बसलाय.

हिलारियो : रविवारी तरी लोखंड हातात नको वाटतं.

कासिल्दा : थापा मारू नकोस. मघाशी जिन्यात थांबत थांबत आलास. म्हणे चित्रं बघतोय. भिंत तर रिकामी होती.

हिलारियो : धाप लागली जराशी. थंडी आहे.

कासिल्दा : बरं, ते राहू दे. हे बघ. तुझ्या लेकीची नोट.

हिलारियो : अरे, हा तर मीच. डोक्यावरचा दिवासुद्धा काढलाय. कान मात्र मोठे झालेत.

कासिल्दा : कान तुझे मोठेच आहेत. ती टेबलावरची बाई पोरांना काय म्हणाली, ठाऊक आहे? नोटेवर जिवंत माणसाला बसवत नाहीत, गेलेल्यालाच बसवतात. तेव्हा आपापल्या घरातलं गेलेलं माणूस काढा. कुणी पणजी काढली, कुणी घोड्यावरचा सेनापती काढला. आपलीने तुला काढलं.

हिलारियो : नीट ऐकलं नसेल.

कासिल्दा : मलाही तसंच वाटलं. म्हणून विचारलं. तर म्हणाली, ऐकलं की.

हिलारियो : हं.

कासिल्दा : हं काय? तिला कुणी सांगितलं? मी तर चकार शब्द काढला नाही.

हिलारियो : सांगायला कशाला लागतं? एकाच खोलीत झोपतो आपण. रात्रभर माझी छाती भांडी घासल्यासारखी वाजते.

कासिल्दा : तेच म्हणते मी. आता ती का वाजावी? कार्निव्हलच्या सणापासून तू खाणीच्या बाहेर आहेस, उघड्यावर दगड निवडायला. ना ड्रिल, ना धूळ. कुमारी मरियेसमोर शपथ घेतलीस. मग छाती सुधारायची सोडून बिघडते कशी?

हिलारियो : हळू बोल. लोक बघतायत.

कासिल्दा : बघू देत, बघायलाच आलेत. हिलारियो, तू अजून आत जातोस.

हिलारियो : जातो.

कासिल्दा : कधीपासून?

हिलारियो : बाहेर आलोच नव्हतो.

कासिल्दा : अरे देवा. का? बाहेर मजुरी कमी म्हणून? कमी खाल्लं असतं आम्ही. सकाळी रस्त्यावर मक्याच्या गरम पेयाचं, आपीचं एक पातेलं विकते, दोन विकली असती.

हिलारियो : मजुरीसाठी नाही गं. डॉक्टरने छातीचा फोटो काढला ना, तेव्हा म्हणाला, खाणीचा रोग आहे, पण अजून निम्म्याहून जास्त छाती शाबूत आहे. निम्मी गेली की पेन्शन बसेल. आधी मला, माझ्यामागे तुला. त्याच्या अलीकडे काही नाही.

कासिल्दा : म्हणून?

हिलारियो : म्हणून काय? बाहेर आलो तर ना धड काम जमणार, ना पेन्शन. तुझ्या आपीवर बसून खायचं. आत गेलो की ते निम्मं लवकर भरेल.

कासिल्दा : भरेल? पोतं आहे का ते? नवऱ्यांनी बायकोपासून दारू लपवलेली ऐकलीय, दुसरी बाई लपवलेली ऐकलीय. स्वतःचं मरण पिकवायला पहाटे उठून जायचं आणि बायकोला सांगायचं, दगड निवडतो. ही तुझीच तऱ्हा.

हिलारियो : माझी एकट्याची नाही. सगळे तेच करतात, बोलत कुणी नाही. माझा बाप आठव. डॉक्टर म्हणाला, पेन्शनला आता थोडंच राहिलंय. तो घाबरला, बाहेर आला, आणि त्याच हिवाळ्यात साध्या तापाने गेला. आई शेवटपर्यंत लोकांचे कपडे धूत राहिली. त्या बर्फाच्या पाण्यात तिची बोटं वाकडी झाली. आणखी थोडे महिने तो आत राहिला असता तर?

कासिल्दा : तर तू आतच मर. ऐकून ठेव, उद्या आत गेलास तर पोरीला घेऊन मी ताईकडे कोचाबांबाला निघून जाईन.

हिलारियो : जा. तिकडची हवा बरी आहे. नोएमीला मानवेल.

कासिल्दा : असं बोलू नकोस. भांड माझ्याशी.

हिलारियो : भांडायला दम लागतो.

नोएमी : आई, माझी नोट दे. रंग राहिलाय. भांडताय का तुम्ही?

कासिल्दा : नाही गं. कोचाबांबाच्या हवेचं बोलत होतो.

हिलारियो : नोएमी, मला का काढलंस? आजोबांना काढायचं.

नोएमी : आजोबांचं तोंड कुठे माहीत आहे मला? त्यांचा फोटोच नाही. आईकडच्या आजीला विचारलं तर म्हणते, मिशी होती बहुतेक.

हिलारियो : पण मी तर आहे अजून.

नोएमी : म्हणूनच ना, बाबा. नंतर आठवून काढलं की चुकतं. आत्ता तू समोर बसला होतास, हलतही नव्हतास. बघून काढता आलं.

हिलारियो : बरं केलंस.

नोएमी : जरा हनुवटी वर कर. खालचा तीळ राहिलाय. थांब. हां, झालं. बाई रंग गोळा करतायत, जाते मी.

कासिल्दा : सावकाश जा. धावू नकोस.

हिलारियो : बघितलंस? आपण लपवत बसलो. ती केव्हाच कामाला लागली.

कासिल्दा : मला नको ती पेन्शन. मला तू हवायस. खोकत का होईना, घरात हवायस.

हिलारियो : मलाही घरातच राहायचंय, कासिल्दा. रोज पहाटे दाराशी पाय अडतो माझा. पण खोकणारा माणूस तुम्हाला किती पुरणार? तिचा हात किती छान आहे बघ. तिने पातेलं घेऊन रस्त्यावर उभं राहू नये, एवढंच मनात आहे.

कासिल्दा : किती राहिलंय?

हिलारियो : काय?

कासिल्दा : ते, भरायचं.

हिलारियो : फार नाही. हिवाळा संपला की पुन्हा छातीचा फोटो काढायचाय.

कासिल्दा : आणि मध्येच सोडलंस तर आतापर्यंतचं सगळं फुकट.

हिलारियो : माझ्या बापासारखं.

कासिल्दा : ऊठ मग. माझ्या खांद्याला धर. जाताना बाजारातून दम टिकवायला चघळायची कोकाची पानं घेऊ. घरातली संपलीत, आणि उद्या आत जाताना तुला लागतील.