भामाईच्या दगडाशेजारची पाटी काढल्याबाबत

मी, द्वारकाबाई रामहरी पानसरे, वय ६८, धंदा शेती, रा. कळस, ता. इंदापूर, जि. पुणे. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी विधवा सून रेश्मा हिच्यासह राहते. तक्रारदार इंद्रजित हा माझा सख्खा पुतण्या असून तरुण मंडळाचा अध्यक्ष आहे.

आमच्या बांधावर भामाईचा दगड आहे. त्यावर विळा उगारलेली बाई, मागे गाई व समोर दोन भालेवाले कोरलेले आहेत. भामाई आमच्याच घरची सून. नवरा गेल्यावर तिनं शेत कसलं, पोरं वाढवली आणि गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना तिथंच पडली. सुगीला घरातल्या बायका त्या दगडाच्या पायथ्याला विळा घासतात, मगच कापणीला हात लावतात. घासून घासून तिथं खोबण पडली आहे. यंदा पहिला मान रेश्माचा होता.

दि. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी आम्ही दोघी गेलो असता दगडाला शेंदूर फासलेला व शेजारी 'सतीमाता' अशी पाटी रोवलेली दिसली. मंडळाने ओटी भरण्याचा कार्यक्रम ठेवला होता. इंद्रजितने रेश्माला अडवले व "वैनी, तुमी मागं थांबा. हितं सवाष्णींचं काम हाय," असे म्हणाला. रेश्मा विळा पदराखाली घेऊन मागे सरली. ते मला बघवलं नाही.

मी विचारले, "सती कुणी सांगितली रं तुला?" तो म्हणाला, "काकी, त्या काळात नवरा मेला की बाया सतीच जायच्या. दुसरं काय करणार व्हत्या?" मी म्हणाले, "समद्या जळाल्या असत्या तर तुझा खापरपणजा कुणी वाढवला असता, मुडद्या? रांडमुंड बाईनं राखलेल्या घराचा वंश हाईस तू!" बायका हसल्या.

त्यानंतर मी पाटी उपटून उसाच्या सरीत टाकली. तिचा एक कोपरा मोडला, हे खरे आहे. शेंदूर पदराने पुसला. रेश्माने विळा घासला. मग भावकीतली छबूबाई आली, तीही विधवाच. तिच्यामागे सवाष्णीसुद्धा ओट्या खाली ठेवून आल्या.

मी माफी मागितल्यास तक्रार मागे घेऊ, असा इंद्रजितचा निरोप आहे. मी मागणार नाही. पाटी परत लावली तर परत उपटीन.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'रागाच्या भरात पाटी काढली' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. राग होताच, पण पाटी मी पुरती शुद्धीत राहून काढली. बाकी मी सांगितलं तसंच आहे. अंगठा नको, सही करते.