शहाणी झालेली मनी

सदाशिव पेठेतल्या प्राण्यांच्या दवाखान्यात शबनम आपल्या बोक्याला घेऊन बसली होती. समोरच्या काकू मांडीवरच्या पांढऱ्या मांजरीचं कौतुक शेजारच्या गृहस्थांना ऐकवत होत्या.

"आमच्याकडे मासळी चालत नाही. हिला पाकिटातलं शाकाहारी खाणं. कॅल्शियम, झिंक, लोह, सगळं आहे त्यात."

"टॉरिन लिहिलंय का?" शबनमने विचारलं.

काकूंनी पिशवीतलं पाकीट काढून पाहिलं. "ते नाही बाई दिसत. काय असतं ते?"

"मांसात असतं. ते मिळालं नाही तर मांजरांचे डोळे जातात."

"काहीतरीच. उलट ही सुधारली. पूर्वी चिमण्यांवर झडप घालायची. आता पुढ्यात दाणे टिपतात, तरी ढिम्म. अन्नाचे संस्कार, दुसरं काय."

"मग आज कशाला आणलंत?"

"सारखी दाराला धडकते हो. वय झालं."

"हिच्यापुढे जरा हात हलवा."

"हे घ्या. बघतेय की."

"तुमच्या बांगड्या वाजतायत, काकू. त्या घट्ट धरा आणि मग हलवा."

काकूंनी दुसऱ्या हाताने बांगड्या धरल्या. हात डावीकडे नेला, उजवीकडे नेला, पुन्हा डावीकडे नेला. शबनम मनीच्या डोळ्यांकडे बघत होती.

"मने," काकू अगदी हळू म्हणाल्या.

मनीने लगेच मान वळवली.